नागस्वराचा दुसरा आवाज

कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवर नरसिंगंपेट्टै नावाचे एक लहान खेडे आहे. दोन्ही अंगांना कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेते आणि त्यांच्या पलीकडे मधून मधून डोकावणारी गोपुरे. या मुलखातील इतर खेड्यांहून ते फारसे वेगळे दिसत नाही. मात्र दक्षिणेत जेथे जेथे देवळाच्या दारी किंवा लग्नमंडपात नागस्वर वाजते, तेथे तेथे या खेड्याचे नाव आदराने घेतले जाते. येथील आचारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नागस्वरे घडवीत आली आहेत. आचारी म्हणजे तमिळ देशातील सुतार-शिल्पी. मराठीतल्या आचाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

या वाद्याचे लाकूडही मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. तमिळमध्ये ज्याला आच्चा म्हणतात, तेच खानदेशातील आणि मराठवाड्यातील माळरानांवर वाढणारे अंजनाचे झाड. परंतु नागस्वराला ताजे लाकूड चालत नाही. ओले लाकूड वाळताना पिळवटते, आणि लाकूड पिळवटले की स्वर जागचे हलतात. म्हणून जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांचे खांब आणि तुळया आचारी विकत घेतात. अनेक दशके छपराचा भार वाहून ज्याच्या अंगातले पाणी पुरते आटले आहे, असे लाकूड कातून, आरपार पोखरून त्याची नळी केली जाते. नळीला बोटांनी झाकावयाची सात छिद्रे असतात. त्याखेरीज खालच्या अंगाला आणखी पाच असतात. ही पाच वादनासाठी नव्हेत, स्वर साधण्यासाठी; वादक त्यांतली काही मेणाने बुजवितो आणि वाद्य आपल्या सुरात आणतो. वर फुंकावयाची पत्ती तेवढी नदीकाठच्या बोरूसारख्या गवताची. तमिळमध्ये तिला सीवाळी म्हणतात.

या वाद्याच्या इतिहासात एक घटना अशी घडली की, तिचा विचार संगीताच्या टीकाकाराने अवश्य करावा. नागस्वराला एक आवाज होता. लोक त्या आवाजावर प्रेम करीत होते. आणि एक वादक व एक कारागीर अशा दोघांनी मिळून त्याला दुसरा आवाज दिला.

पूर्वीचे नागस्वर आखूड असे. त्याला तिमिरी म्हणतात. त्याची पट्टी उंच, साधारणतः पांढरी चार-पाचच्या घरातली. पेटीवर सूर धरून पाहिल्यास कोणाही गायकाला त्याची कल्पना येईल. हा आवाज तीक्ष्ण, लांब पल्ल्याचा. तो तसा असण्यास कारण होते. नागस्वर हे देवळाचे वाद्य. उत्सवमूर्ती पालखीत बसून चार रस्त्यांनी फिरावयास निघाली म्हणजे तिच्यापुढे नागस्वर आणि तविल चालावयाचे. बरोबर एक ओत्तू. आपल्याकडे सनईच्या जोडीला जसा एक जण नुसता सूर धरून उभा असतो, तसा ओत्तूवाला अखंड षड्ज धरून असे. देव कोणत्या गल्लीत आला आहे, हे घरात बसलेल्या म्हाताऱ्यांनाही नागस्वरावरून कळे. असे काम ज्याच्याकडे आहे, त्या वाद्याचा आवाज मृदू असून भागत नाही.

नरसिंगंपेट्टैच्या शेजारीच तिरुवावडुतुरै आहे. तेथील शैव मठ प्रसिद्ध आहे. या मठाच्या छत्राखाली टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै वाढले. त्यांचा जन्म 1898 चा. लहानपणी ते गाणे शिकले होते, आणि पुढे नागस्वर हाती धरले तेव्हा गाण्याची ओढ त्यांनी सोडली नाही. राग सावकाश, पायरीपायरीने उलगडत न्यावा, तास दोन तास एकाच रागात वावरावे, ही त्यांची प्रकृती. त्यांची तोडी दक्षिणेत दंतकथा झाली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. दक्षिणेची तोडी आणि आपली तोडी या दोन निराळ्या वस्तू आहेत. दक्षिणेच्या तोडीचे स्वर हिंदुस्थानी भैरवीच्या स्वरांना जवळचे, आणि तिच्यात मध्यम शुद्ध असतो.

याच शुद्ध मध्यमापाशी तिमिरी अडखळत असे, असे जाणकार सांगतात. त्या नळीवर मध्यम जो निघे, तो शुद्ध आणि तीव्र यांच्या मध्ये कोठेतरी लटकलेला. वादकाने फुंकर आणि ओठ यांच्या जोरावर त्याला जागेवर आणावयाचे. द्रुत वादनात हे खपून जाई. पण ज्याला मध्यमावर थांबावयाचे आहे, तेथून सगळा राग न्याहाळावयाचा आहे, त्याला हे कसे खपावे? राजरत्नम् पिळ्ळै यांच्या या गरजेला उत्तर दिले नरसिंगंपेट्टैच्या रंगनाथन् आचारी यांनी. नळी लांबवावी, छिद्रांची अंतरे नव्याने बसवावीत, वाजवून पाहावे, फेकून द्यावे, पुन्हा घडवावे, अशा खटाटोपातून जे वाद्य सिद्ध झाले, ते बारी नागस्वर. त्याची लांबी अडीच फुटांच्या आसपास. पट्टी खाली उतरून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या परिसरात आलेली. आवाज भरदार आणि गंभीर. मनुष्याच्या गळ्याला जवळचा. मध्यम आता आपल्या जागी ठामपणे उभा होता.

राजरत्नम् पिळ्ळै एवढ्यावर थांबले नाहीत. ओत्तूला रजा देऊन त्यांनी तंबोऱ्याचा सूर घेतला. नागस्वरवादकाने उघड्या अंगाने, कमरेला उपरणे बांधून, मालकांसमोर उभे राहून वाजवावे, अशी जुनी रीत होती. ती त्यांनी मोडली. डोक्यावरचे केस आखूड कापले, अंगात शेरवानी घातली, आणि गवयाप्रमाणे आपणही व्यासपीठावर बसून वाजविणार, असा आग्रह धरला. 1940 साली ‘काळमेघम्’ या बोलपटात त्यांनी नायकाची भूमिकाही केली. वाद्याचा आवाज, वादकाचा वेष आणि त्याचे बसणे, अशा तीन गोष्टी एकाच पिढीत बदलल्या.

या बदलाकडे पाहणाऱ्या टीकेच्या बाजूचे म्हणणे उपहासाने उडवून लावण्यासारखे नाही. पहिला आक्षेप आवाजाचा. तिमिरीची जी धार होती, जो मंगल कडकडाट होता, तो बारीत नाही. तिमिरी मागे पडली याची हळहळ आजही जुन्या वळणाच्या रसिकांत ऐकू येते, आणि ती खोटी नाही. दुसरा आक्षेप स्थानाचा. जे वाद्य देवापुढे चालण्यासाठी जन्मले, ते सभागृहात बसले की त्याचा धर्मच बदलतो. तिसरा आक्षेप अनुकरणाचा. गळ्याचे गाणे गळ्याला शोभते. वाद्याने गायनाच्या मागे धावण्यात वाद्याचे स्वत्व हरवते. या तिन्ही आक्षेपांमागे एकच भावना उभी आहे: जे आमचे होते, ते आम्हांला न विचारता बदलले.

ही भावना कावेरीकाठापुरती नाही. तिचे अगदी अलीकडचे आणि अगदी दूरचे उदाहरण पॅरिसमध्ये सापडते. तेथे गास्पार ओजे आणि झाव्हिए द रोने या दोघा तरुणांची ‘जस्टिस’ नावाची जोडी आहे. त्यांचे संगीत विजेवर चालणाऱ्या यंत्रांचे. स्वर यंत्रात निर्माण करावयाचे, कापावयाचे, दाबावयाचे, एकावर एक रचावयाचे आणि त्यांतून नृत्यगृहाला हादरविणारा ठेका उभा करावयाचा. 2007 साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. तिला शब्दांचे नावच नाही, केवळ क्रूसाचे चिन्ह आहे. तिचा खरखरीत, फाटल्यासारखा आवाज युरोप-अमेरिकेतील तरुणांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर चार वर्षांनी, 2011 साली, दुसरी ध्वनिमुद्रिका आली: ‘ऑडिओ, व्हिडिओ, डिस्को’. हे लॅटिन शब्द आहेत. मी ऐकतो, मी पाहतो, मी शिकतो, असा त्यांचा अर्थ.

या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत जोडीने आपली वाट वळविली. 1970 च्या दशकातील रॉक संगीताचा, त्यातील गिटारच्या भरजरी लांबलचक लकेरींचा आणि गंभीर थाटाचा रंग तिच्यात उतरला. रात्रीच्या नृत्यगृहाऐवजी दिवसाच्या उजेडात, मोकळ्या माळावर ऐकावे असे काही करण्याचा कलावंतांचा हेतू होता. टीकाकारांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, पहिल्या कृतीतला दणका गेला, पाय थिरकेनात; आणि त्याच्या बदल्यात जे मिळाले, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या रॉकचे जुने झालेले अवडंबर. दुसऱ्या तटाला त्यातल्या सुरावटी गोड वाटल्या, आणि यशाची पहिली चाकोरी सोडण्याचे धाडस आवडले. एकंदरीत स्वागत संमिश्र झाले. पहिल्या कृतीच्या वाट्याला आलेला जल्लोष दुसरीच्या वाट्याला आला नाही.

कावेरीकाठचे अंजनाचे लाकूड आणि पॅरिसमधील विजेची यंत्रे यांत साम्य शोधणे वरवर पाहता अतिरेकाचे वाटेल. तथापि टीकेच्या दृष्टीने प्रश्न तोच आहे. कलावंताच्या दुसऱ्या कृतीला पहिल्या कृतीचे माप लावावे काय? पहिल्या यशाने श्रोत्याच्या कानात एक साचा तयार होतो. नवी कृती आली की श्रोता ती ऐकत नाही. साच्यात बसते की नाही, एवढेच पाहतो. सामान्य श्रोत्याने असे करणे स्वाभाविक आहे. त्याला आनंद हवा असतो, आणि आनंदाची जागा त्याच्या माहितीची झालेली असते. टीकाकाराचे काम मात्र येथेच सुरू होते. कृती कोणत्या गरजेतून निघाली, ती गरज तिने कितपत भागविली, आणि ते करताना काय गमावले, एवढे त्याने क्रमाने सांगितले पाहिजे. गमावलेल्याची यादी तेवढी वाचून दाखविणारा टीकाकार अर्धेच काम करतो. उलट, नवे आहे एवढ्यासाठीच टाळी वाजविणाराही अर्धेच काम करतो.

या कसोटीला दोन्ही कृती लावून पाहाव्यात. पॅरिसच्या जोडीपुढे कोणतीही कलात्मक अडचण उभी नव्हती. त्यांना हवापालट हवा होता. त्यांनी जे उसने घेतले, ते एका आधीच्या पिढीचे शैलीचे पोशाख होते. ते अंगावर कोठे शोभले आणि कोठे ढगळ झाले, हे ज्याने त्याने ऐकून ठरवावे. म्हणूनच टीका दुभंगली, आणि तिने दुभंगावे हेच योग्य होते. राजरत्नम् पिळ्ळै आणि रंगनाथन् आचारी यांची गोष्ट निराळी. तेथे अडचण एका स्वराची होती. शुद्ध मध्यम नीट लागत नव्हता, आणि तो लागल्याखेरीज तोडीचा विस्तार पुरा होत नव्हता. हा बदल शोभेसाठी नव्हता, गरजेतून आला होता. त्याने तिमिरीची धार घेतली हे खरे. पण दिले काय, तर स्वराची निश्चिती, विलंबित वादनाची शक्यता आणि गायकाच्या बरोबरीचे स्थान.

गायनाच्या अनुकरणाचा आक्षेपही येथे तपासून पाहता येतो. त्याच मुलखात तिरुवीळिमिळलै गावचे दोन बंधू, सुब्रह्मण्य पिळ्ळै आणि नटराजसुंदरम् पिळ्ळै, नागस्वराची जोडी म्हणून गाजले. त्यांची ख्याती कृतिवादनाची. त्यागराज-दीक्षितांच्या रचना, शब्द डोळ्यांसमोर उभे राहावेत इतक्या चोखपणे, ते नागस्वरावर वाजवीत. रागाचा सागर धुंडाळणारे राजरत्नम् आणि रचनेची वीट न् वीट जपणारे हे बंधू, अशी दोन टोके एकाच वेळी एकाच प्रदेशात नांदत होती. पण नीट पाहिले तर दोघेही गायनाकडेच पाहत होते. एक आलापाकडे, दुसरे पदाकडे. मग स्वत्व हरविल्याचा ठपका एकाच्याच माथी का यावा? बंधूंचे नवेपण परिचित रचनांच्या पोटात लपले होते, राजरत्नम् यांचे उघड्यावर होते, एवढाच फरक. टीका पुष्कळदा बदलाला नव्हे, बदलाच्या उघडेपणाला बिचकते.

ज्या मातीत हा वाद झाला, ती माती तरी शुद्ध एकजिनसी होती काय? कुंभकोणम् हे तंजावरच्या राज्यातले. 1676 पासून 1855 पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सर टी. माधवराव याच कुंभकोणम्‌च्या मराठी घराण्यात 1828 साली जन्मले. या राज्यात 1798 ते 1832 पर्यंत गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. त्या काळी कानी पडणाऱ्या विलायती बँडच्या चालींवर मुत्तुस्वामी दीक्षितांनी संस्कृत पदे रचली. ती नोट्टुस्वर म्हणून आजही मुलांना शिकविली जातात. त्याच पिढीत दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी युरोपीय व्हायोलिन हाती घेतले, आणि आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची बैठक मांडली जात नाही. विलायती क्लॅरिनेटही तंजावरच्याच नर्तनमेळ्यांतून दक्षिणेच्या संगीतात शिरले. म्हणजे आज जिला परंपरा म्हणून ढाल केले जाते, तिच्या पोटात कालचे कितीतरी उसने स्वर पचून बसले आहेत.

अर्थात प्रत्येक उसना स्वर पचतोच असे नाही, आणि टीकाकाराने नकार देऊच नये असेही नाही. मराठी श्रोत्याला बाजाच्या पेटीची कथा ठाऊक आहे. संगीत रंगभूमीने तिला जवळ केले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि तरीही 1940 साली नभोवाणीने तिला दार बंद केले. आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या ठरीव पट्ट्यांत श्रुती आणि मींड बसत नाहीत. पण टीकेचे रूपांतर हुकुमात झाले, आणि पुढे तीसएक वर्षे त्या दाराशी वाद चालत राहिला. आक्षेप सांगणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. पहिल्याने कलेची समज वाढते. दुसऱ्याने केवळ वाट अडते.

राजरत्नम् पिळ्ळै यांच्या वाट्याला लोकांचे प्रेम उदंड आले. 1947 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या पूर्वसंध्येला, तिरुवावडुतुरै मठाचे प्रतिनिधी राजदंड घेऊन दिल्लीस गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर राजरत्नम् यांचे नागस्वर होते. त्याच पर्वात राजधानीत बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली. फुंकीच्या या दोन मंगल वाद्यांनी, एकाने दक्षिणेकडून आणि एकाने उत्तरेकडून, नव्या राष्ट्राचे दार उघडले. पण विद्वत्सभांच्या मानसन्मानाचे गणित निराळे असते. 1956 साली मद्रासच्या म्यूझिक अकॅडमीची ‘संगीत कलानिधी’ ही पदवी नागस्वराच्या वाट्याला आली. ती तिरुवीळिमिळलैच्या सुब्रह्मण्य पिळ्ळै यांना मिळाली, आणि ते तिला सर्वथा पात्र होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजरत्नम् पिळ्ळै निवर्तले. ती पदवी त्यांना कधी मिळाली नाही. कारणे काहीही असोत, ज्याने वाद्याला व्यासपीठावर बसविले, त्याच्या हयातीत ते व्यासपीठ त्याला पुरते ओळखू शकले नाही.

काळाने निकाल मात्र दिला. आज तमिळ देशात नागस्वर म्हटले की बारीच समोर येते. ओत्तूच्या जागी पुष्कळदा विजेची श्रुतिपेटी असते. ज्या आवाजाला कोणे एके काळी नवा म्हणून अडविले जात होते, तोच आता जुना आणि जपण्याजोगा झाला आहे. 2022 साली नरसिंगंपेट्टैच्या नागस्वराला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. त्यामागे अभिमान आहे, तशी चिंताही आहे. हे वाद्य हाताने घडविणारी घरे थोडी उरली आहेत, जुन्या घरांच्या तुळया मिळणे दुरापास्त होत चालले आहे, आणि छातीतला दम पणाला लावणारे हे वादन शिकावयास नवी मुले सहजी पुढे येत नाहीत. लग्नमंडपात ध्वनिमुद्रण लावून वेळ निभावून नेता येते. बारीपुढचा खरा प्रश्न आता निंदेचा राहिलेला नाही, तो विस्मृतीचा आहे.

उद्या याच मुलखातला एखादा तरुण वादक नव्या जोडीदारासह तिसरा आवाज घेऊन येईल. त्यात कदाचित विजेचे यंत्र असेल, कदाचित रॉकचा ठेकाही असेल. त्या दिवशी बारीचे चाहते बारीच्याच नावाने त्याला अडवू पाहतील. आणि अडविताना विसरतील की बारी स्वतः एकदा याच दारात उभी होती. टीकाकाराने तेवढे विसरू नये. आधी त्या नव्या नळीला पुरता श्वास भरू द्यावा, तिचा मध्यम कोठे लागतो ते शांतपणे ऐकावे, आणि मग निर्भयपणे बोलावे. नरसिंगंपेट्टैचा आचारी याहून वेगळे काय करतो? नळी हातात आली की तो आधी ती फुंकून ऐकतो, आणि मगच कोठे छिद्र रुंदवावयाचे नि कोठे मेण भरावयाचे, ते ठरवितो.